हिपॅटायटिस बी: रिपोर्टवर 'रिअ‍ॅक्टिव्ह' आलं त्यानंतरचे १७ महिने

९ मार्च २०२३, गुरुवार. मला दहावा आठवडा चालू होता, पहिलंच बाळंतपण, आणि डॉक्टरांनी सगळ्याच बायकांना सांगतात त्या रक्ततपासण्या सांगितल्या होत्या, हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉईड, एचआयव्ही, व्हीडीआरएल आणि त्यातच एक एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची. संध्याकाळी शाळा सुटल्यावर रिपोर्ट आणायला एकटीच गेले. लॅबमधल्या मुलीनं पाकीट हातात द्यायच्या आधी विचारलं, "मॅडम, बरोबर कोणी आलंय का?" तिथंच पोटात गोळा आला.

बाकी सगळं नॉर्मल होतं आणि एक ओळ ठळक अक्षरात, एचबीएसएजी (ऑस्ट्रेलिया अँटिजेन) रिअ‍ॅक्टिव्ह. कराडच्या बाहेर फारशी न गेलेली मी, मला ऑस्ट्रेलियाचं काय झालं असेल हेच कळेना. नंतर समजलं की हे जुनं नाव आहे, ब्लमबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं म्हणून, त्याला त्यासाठी १९७६ चं नोबेलही मिळालं. पण त्या संध्याकाळी हे सांगणारं कोणी नव्हतं. मी स्कूटीवर बसून मोबाईलवर शोधत बसले आणि दहा मिनिटांत लिव्हर कॅन्सरपर्यंत पोचले. तुमच्या हातात असा रिपोर्ट आला असेल तर त्या रात्री मोबाईल बाजूला ठेवा, एवढं मनापासून सांगते.

मला काहीही होत नव्हतं हो. ना कावीळ झालेली कधी, ना ताप, ना थकवा. उलट्या होत होत्या पण त्या दिवसांच्या. हेच सगळ्यात पचायला अवघड गेलं, की अंगात एवढं काही आहे आणि अंगाला त्याची खबरच नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, ही कार्ड टेस्ट आहे, आधी एलायझानं पक्कं करू. ४५० रुपये, दोन दिवस. तोही पॉझिटिव्ह. आणि मग त्यांचा सूर बदलला. डिलिव्हरीचं तुम्ही मोठ्या हॉस्पिटलला बघा, आमच्याकडे सोय नाही, आणि केलीच तर वेगळ्या किटचे आठ-दहा हजार जास्त लागतील. मला तेव्हा ते खरं वाटलं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं की रक्ताला हात लावताना घ्यायची काळजी प्रत्येक पेशंटला सारखीच घ्यायची असते, कारण ज्याची तपासणी झालेली नाही त्याच्या रक्तात काय आहे हे कोणालाच माहीत नसतं. मला राग येतो तो पैशाचा नाही, त्या दिवशी बाहेर पडताना आपण कोणीतरी घाण माणूस आहोत असं वाटलं त्याचा येतो.

नवऱ्याला त्याच रात्री सांगितलं. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला माझी पण तपासणी करू उद्या. एवढंच. त्या 'उद्या' वर मी पुढचे कितीतरी दिवस काढलेत.

कोणीतरी मिरजेच्या एका गॅस्ट्रोच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. १५ मार्चची अपॉइंटमेंट, फी ७००. त्यांनी एचबीईएजी (विषाणू जोरात वाढतोय का ते सांगणारी टेस्ट), लिव्हरच्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी आणि एचबीव्ही डीएनए सांगितलं, म्हणजे रक्तात विषाणू नक्की किती आहे ते मोजायचं. ती एकटी टेस्ट ५,२०० रुपयांची आणि रिपोर्ट सहा दिवसांनी. पाडव्याला म्हणजे २२ तारखेला घरात सगळ्यांना गोड बातमी सांगायची असं आमचं ठरलेलं होतं, आणि २१ ला रिपोर्ट आला, ४ कोटी ६० लाख. एका मिलिलिटरमध्ये. मी ते आकडे बोटानं मोजले, शून्य चुकलं असेल म्हणून. गंमत म्हणजे एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला सूज आहे का ते सांगणारी टेस्ट, २४, एकदम नॉर्मल.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. लिव्हर आज ठणठणीत आहे, कारण शरीर या विषाणूशी भांडतच नाहीये, त्याला घरातलाच समजून बसलंय. असं बहुतेक तेव्हा होतं जेव्हा लागण जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी झालेली असते. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त लोकांचं शरीर सहा महिन्यांत ती काढून टाकतं. नवजात बाळाला झाली तर शंभरातल्या नव्वदांमध्ये ती कायमची राहते. आणि काहीच उपाय केला नाही तर माझ्यासारख्या, म्हणजे विषाणू एवढा जास्त आणि एचबीईएजी पॉझिटिव्ह असलेल्या, आईकडून दहातल्या सात ते नऊ बाळांना ती जाते, बहुतेक वेळा डिलिव्हरीच्या वेळी. हे ऐकून मी रडायला लागले तर ते म्हणाले, "थांबा, पूर्ण ऐका. हे अडवता येतं. वेळ पाळायची फक्त." मग त्यांनी त्याच कागदावर तारखा लिहून दिल्या. तो कागद अजून माझ्या फाइलमध्ये पहिला आहे.

त्यांनी शेवटी एक प्रश्न विचारला, ज्यानं पुढचं सगळं बदललं. "तुमच्या आईची तपासणी झालीय कधी?"

आता घरचं सांगते. नवऱ्याच्या तीन टेस्ट केल्या, एचबीएसएजी, अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस. तिन्ही निगेटिव्ह, म्हणजे लागण नाही, पूर्वी होऊन गेली नाही आणि संरक्षणही नाही. नुसती एचबीएसएजी करून समाधान मानू नका, तिन्ही करा, नाहीतर लस लागणार की नाही ते कळत नाही. त्याला लसीचे तीन डोस, आज, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी, मेडिकलमधून एक डोस दीडशेच्या आसपास पडला. तिसरा सप्टेंबरमध्ये झाला आणि नोव्हेंबरमध्ये टायटर, म्हणजे अँटी-एचबीएस किती तयार झालं ते, केलं तर २१८ आलं, १० च्या वर असलं की संरक्षण धरतात. तोपर्यंत निरोध वापरा असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आणि मी पण इथं सरळच लिहिते, कारण हा प्रश्न विचारायला सगळे लाजतात.

सासूबाईंना पाडवा झाल्यावर सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत पण दुसऱ्या दिवसापासून माझं ताट-वाटी वेगळं झालं, भांडी पण वेगळी घासायला लागल्या. मी काही म्हटलं नाही, रात्री उशीत तोंड खुपसून रडले. पुढच्या व्हिजिटला नवरा त्यांना सोबत घेऊन आला आणि त्यांनीच डॉक्टरांना विचारलं, उष्टं चालतं का. डॉक्टर म्हणाले चालतं, एकत्र जेवा, एकाच ग्लासातलं पाणी प्या, मिठी मारा, कपडे एकत्र धुवा, यातून हा पसरत नाही. रक्तातून पसरतो, शरीरसंबंधातून, आणि आईकडून बाळाला. मग ब्रश, रेझर, नेलकटर, कानातलं हे वेगळं ठेवा, जखम झाकून ठेवा, आणि कुठं रक्त सांडलं तर ब्लीचच्या पाण्यानं पुसा कारण वाळलेल्या रक्तात पण हा विषाणू सात दिवस तग धरतो. घरी आल्यावर सासूबाईंनी माझं ताट परत रोजच्या रॅकमध्ये लावलं आणि बाथरूममध्ये माझ्या नावाची एक पिशवी अडकवली, ब्रश आणि नेलकटरची. स्वतःची आणि सासऱ्यांची तपासणी पण करून घेतली, दोघं निगेटिव्ह, दोघांना लस.

माहेरी सांगणं मात्र फार जड गेलं. माहेर तासगावकडचं, द्राक्षबागा, मार्च म्हणजे माल काढायची गडबड. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली मला काय धाड भरलीय, दिवसभर रानात उभी असते मी. आणि काकूनं सल्ला दिला की कोणाला सांगू नको, धाकट्याचं लग्न जमवायचंय, घराला नाव लागेल. मी दोन आठवडे खरंच गप्प बसले. त्या दोन आठवड्यांचा मला आजही त्रास होतो.

शेवटी ताईनं आईला पटवलं, ते पण कसं तर अमिताभ बच्चनचं उदाहरण देऊन. १९८२ च्या अपघातात त्यांना जे रक्त दिलं त्यातून हिपॅटायटिस बी झाला आणि वीसेक वर्षं त्यांना कळलंच नाही, तपासणीत सापडेपर्यंत लिव्हरचा बराच भाग निकामी झाला होता, हे त्यांनी स्वतः जाहीर सांगितलंय. आई म्हणाली खरड छाटणी उरकू दे मग येते. मे महिन्यात एका शनिवारी आई, अण्णा, ताई आणि धाकटा भाऊ चौघांचं रक्त दिलं.

आई पॉझिटिव्ह. भाऊ पॉझिटिव्ह. ताई पूर्ण निगेटिव्ह. अण्णांचं एचबीएसएजी निगेटिव्ह पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह, म्हणजे कधीतरी येऊन गेलेला आणि शरीरानं काढून टाकलेला.

लगेच घरात सुरू झालं, कोणाकडून कोणाला आलं. अण्णांकडून आईला की आईकडून अण्णांना, की गावात पूर्वी एकाच काचेच्या सिरिंजनं सगळ्या गल्लीला इंजेक्शनं द्यायचे त्यातून, की आईच्या पहिल्या बाळंतपणात, की गोंदणातून. डॉक्टर म्हणाले हे आता कोणीच सांगू शकत नाही आणि शोधून उपयोग पण नाही. त्यांनी गुजरातमधल्या मोडासाचं उदाहरण दिलं, २००९ मध्ये तिथं वापरलेल्या सिरिंज परत वापरल्यामुळं हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली होती. म्हणजे नीट वागणाऱ्या माणसाला पण होऊ शकतो. आपल्याकडं बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर यायला २०११ उजाडलं, त्याच्या आधी जन्मलेले आपण बहुतेक सगळे लसीशिवायच मोठे झालो. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतात साधारण ३ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी असल्याचं म्हटलंय, त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. आम्ही त्या ३ कोटींमधलेच तिघं, नशिबानं माहीत झालेले.

आईची तपासणी पुढं केली. तिचा विषाणू माझ्यापेक्षा कितीतरी कमी, ३८ हजार, पण एसजीपीटी ६१ आणि फायब्रोस्कॅन ९.६, म्हणजे लिव्हरला घट्टपणा यायला सुरुवात झालेली. दिवसभर रानात उभी राहणाऱ्या, डोकेदुखीची गोळी पण न घेणाऱ्या माझ्या आईचं लिव्हर आतल्या आत खराब होत होतं. मी ते दोन आठवडे वाढवून दोन वर्षं केले असते तर, हा विचार मला अजून येतो.

इथं सरकारी योजनेचं सांगते कारण बऱ्याच जणांना माहीत नाही. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम म्हणून आहे, २८ जुलै २०१८ ला सुरू झालेला (२८ जुलै हा त्या ब्लमबर्गचा वाढदिवस, म्हणून तोच जागतिक हिपॅटायटिस दिन), त्यात हिपॅटायटिस बी आणि सी च्या तपासण्या आणि औषधं फुकट मिळतात. सरकारी दवाखान्यात गेल्यावर 'कावीळ विभाग कुठं' असं विचारलं तर तीन खिडक्या फिरावं लागतं, आम्ही फिरलो, 'हिपॅटायटिसचं उपचार केंद्र' असं विचारा. केसपेपर, आधारची झेरॉक्स, आधीचे सगळे रिपोर्ट, आणि मोबाईल नंबर जो बंद पडणार नाही असा. तिथं नोंदणी होऊन एक नंबर मिळतो आणि कार्ड मिळतं, पुढं सगळं त्या नंबरवर. आईचं डीएनएचं सॅम्पल बाहेर पाठवतात, रिपोर्टला १९ दिवस लागले. पण टेनोफोविर, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारं औषध, सुरू झालं आणि दर महिन्याला गोळ्या मिळतात, सकाळी नऊच्या आत पोचलं तर अकरापर्यंत मोकळं होतो. तिथल्या सिस्टरनी आईला एकदाच बजावलं, मावशी, बरं वाटतंय म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही, एकदम बंद केली तर विषाणू उसळतो. आईनं ते इतकं मनावर घेतलंय की गोळीची वेळ आणि देवाचा दिवा एकत्रच.

माझी पण तिथंच नोंदणी केली आणि २८ वा आठवडा लागला तेव्हा, १३ जुलैला, डिलिव्हरीच्या आधी विषाणू कमी व्हावा म्हणून मला टेनोफोविर ३०० ची रोज एक गोळी सुरू झाली. बाळासाठी ती सुरक्षित आहे हे मी तीन वेळा विचारून घेतलं. ३६ व्या आठवड्यात परत डीएनए करायचं होतं, पण १९ दिवस थांबायला वेळ नव्हता म्हणून ते खाजगीत केलं, परत ५,२००. रिपोर्ट आला ३,२००. ४ कोटी ६० लाखांवरून ३ हजार २००. मी आणि नवरा हॉस्पिटलच्या बाकावर बसून नुसते त्या कागदाकडे बघत होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाळाला जन्मल्यावर दोन इंजेक्शनं लागतात. एक हिपॅटायटिस बीची लस, ती सगळ्याच बाळांना २४ तासांच्या आत द्यायची असते आणि सरकारीत फुकट असते. दुसरं एचबीआयजी, म्हणजे तयार अँटिबॉडी, ते १२ तासांच्या आत. हे दुसरं कुठल्याही मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिरजेतली पाच दुकानं पालथी घातली, एकानं ऑर्डर देऊन दोन दिवसांनी आणून दिलं, ५,४०० रुपये, बर्फाच्या डब्यात. ते २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, फ्रीजरमध्ये अजिबात नाही. घरात लाइट जाते म्हणून आम्ही ते हॉस्पिटलच्याच फ्रीजमध्ये माझं नाव लिहून ठेवायला दिलं, त्याची पावती घेतली आणि एक्सपायरीचा फोटो काढून ठेवला.

कळा सुरू झाल्या २८ सप्टेंबरला पहाटे. अनंत चतुर्दशी. ज्यांनी मिरजेची मिरवणूक बघितलीय त्यांना सांगायला नको, कमानी, ढोल, सगळे रस्ते बंद, दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. आम्ही कसेबसे मागच्या बोळातून पोचलो. नॉर्मल डिलिव्हरी झाली, या आजारासाठी म्हणून सिझर करायची गरज नसते. संध्याकाळी ५:४० ला मुलगी झाली. बाहेर ढोल इतके वाजत होते की तिचं पहिलं रडणं मला नीट ऐकूच आलं नाही. आणि ७:१० ला, दीड तासात, एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत एचबीआयजी. त्या दिवशी ते इंजेक्शन शोधायला नवऱ्याला बाहेर पडावं लागलं असतं तर? बंद दुकानं आणि ती गर्दी. म्हणून सांगते, आठवा महिना लागला की ते आणून ठेवा, आणि लेबर रूममध्ये जाताना तुमच्या सोबतच्या माणसाला तोंडपाठ असू दे, दोन इंजेक्शनं, दोन मांड्या, बारा तास. ड्यूटी बदलते, नवीन सिस्टर येते, सांगायचं राहून जाऊ शकतं.

दूध पाजायचं का, हे तीन जणींनी मला कानात विचारलं. पाजायचं. मी पहिल्या तासापासून पाजलं. निपलला चीर पडून रक्त येत असेल तर ती बरी होईपर्यंत त्या बाजूनं पाजू नका असं मला सांगितलं होतं, बाकी काही नाही.

पुढचं जरा भरभर. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांची एकत्र लस, त्यात हिपॅटायटिस बीची पण) ९ नोव्हेंबरला, दिवाळीच्या तोंडावर, मग ७ डिसेंबर, मग ४ जानेवारी, सगळं आरोग्य केंद्रात फुकट, कार्डवर शिक्का बघून घ्यायचा. माझी गोळी डॉक्टरांनी डिलिव्हरीनंतर बारा आठवड्यांनी बंद केली, पण त्यानंतर दर महिन्याला एसजीपीटी, कारण बाळंतपणानंतर लिव्हर उसळी मारू शकतं. फेब्रुवारीत ४८ झालं, घाबरले, एप्रिलमध्ये २९ वर आलं. आता मला दर सहा महिन्यांनी तपासणी आणि सोनोग्राफी, गोळी नाही. भावाचं पण तसंच.

भावानं स्थळ बघायला गेल्यावर पहिल्याच भेटीत सांगायचं ठरवलं, आणि अण्णांचा विरोध असताना सांगितलं. पहिलं स्थळ परत आलं नाही. घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. भाऊ म्हणाला, लपवून केलं आणि तिला लस न देता लागण झाली तर मी काय तोंड दाखवू. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे तो.

बाळाची तपासणी नऊ महिन्यांच्या आत करायची नसते, त्या इंजेक्शनातल्या अँटिबॉडी रक्तात असतात त्यामुळं खरं चित्र कळत नाही. मी रोज तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघायचे, पिवळा तर नाही ना, आणि मलाच माहीत होतं की असलं तरी तिथं काही दिसणार नाही. दहा महिने पूर्ण झाल्यावर २९ जुलै २०२४ ला रक्त दिलं. शीर सापडेना, तीनदा टोचलं, ती आणि मी दोघी रडलो. दोन टेस्टचे ९५० रुपये. ३१ तारखेला रिपोर्ट मोबाईलवर आला, मी शाळेत होते, तास सोडून बाहेर आले. एचबीएसएजी निगेटिव्ह. अँटी-एचबीएस ४१२. आधी नवऱ्याला फोन केला, मग सासूबाईंना, त्या म्हणाल्या गुळाचा खडा ठेवते देवापुढं, मग आईला. आई काहीच बोलली नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "माझ्या तिघांच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर."

ऑगस्टमध्ये आईनं स्वतःहून तिच्या दोन बहिणींना तपासायला लावलं, गेल्या वर्षी जी फोनवर मला काय धाड भरलीय म्हणत होती तिनं. धाकटी मावशी निगेटिव्ह आली. मोठी मावशी पॉझिटिव्ह, वय ५९, काही त्रास नाही. तिला चार मुलं आणि सहा नातवंडं आहेत, आणि घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही. रविवारी मी आणि आई तिच्याकडं जाणार आहोत, फाइल घेऊन, तो तारखांचा कागद वरती ठेवलाय.